सरकारी वकीलच जज झाले तर माझ्या केसचं काय?

प्रश्न : मी भूम तालुक्यातला शेतकरी. साठवण तलावात आमची जमीन गेली, वाढीव मोबदल्याची केस चालू आहे. सरकारकडून उभे राहणारे एजीपी (सहायक सरकारी वकील) साहेब आता जिल्हा न्यायाधीश होणार, नाव पुढं गेलंय असं गावात लोक म्हणायलेत. माझी उलटतपासणी त्यांनीच घेतली, आता निकाल पण तेच देणार का? सरकारनं आपलाच माणूस जज केला तर आम्ही जायचं कुठं?

– एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमची भीती समजते पण यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. एजीपी नेमतं सरकार, त्याची यादी कलेक्टरकडून जाते हे खरं. जज मात्र तसा होत नाही. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला वकिलाला वकिलीची किमान 7 वर्षं लागतात, लेखी परीक्षा आणि मुलाखत हायकोर्ट घेतं, हायकोर्टानं शिफारस केली तरच राज्यपाल नेमणूक करतात (घटनेचं कलम 233), त्यात आमदार-पालकमंत्र्याचं पत्र चालत नसतं. आणि सरकारी वकिलीची वर्षं वकिलीत धरायची का, हा वाद पण सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच मिटवलाय, कोर्टात उभं राहून केस लढवतो तो वकीलच.

आता तुमचं मेन दुखणं. ज्या केसमध्ये आपण स्वतः वकील होतो ती जज म्हणून चालवता येत नाही, आणि सहसा जिथं वकिली केली त्या जिल्ह्यात पोस्टिंग पण देत नाहीत. तरीही समजा फिरत फिरत केस त्यांच्याच बोर्डावर आली तर घाबरायचं काम नाही, कोर्टाच्या नक्कल विभागातून रोजनाम्याची (केसच्या दर तारखेच्या नोंदींची) नक्कल काढा, ‘सरकारतर्फे एजीपी हजर’ आणि खाली कुणाचं नाव ते त्यात दिसतं, ती जोडून तुमच्या वकिलानं एक अर्ज द्यायचा. बहुतेक वेळा ते स्वतःच केस दुसरीकडं पाठवतात. नाहीच तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 24 खाली केस ट्रान्सफर करून मागता येते, आधी प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडं, पुढं संभाजीनगर खंडपीठात. फक्त ओळखीच्या माणसाला धरून त्यांच्या घरी भेटायला जाऊ नका!!

माझं मत विचाराल तर असा माणूस जज झालेला वाईट नाही. बागायत जमीन जिरायत कशी दाखवतात, विहीर आणि आंब्याची झाडं मोजणीतून कशी गळतात, शेजारच्या गटाचं चांगल्या भावाचं खरेदीखत कसं बाजूला पडतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? अर्थात सगळेच तसे निघतात असं नाही, काहींच्या अंगातून सरकार जाता जात नाही.

तुम्हाला खरा त्रास वेगळाच होणार आहे. नवीन एजीपी येईल आणि फाइल वाचायचीय म्हणून तारीख मागेल. एखादी द्यावीच लागते. दुसऱ्यांदा मागितली की तुमच्या वकिलाला लेखी हरकत घ्यायला लावा, नाहीतर युक्तिवादालाच पुढची दिवाळी उजाडायची.