मल्लखांबवाली लेक आणि हंटरवाली

ताई, पत्र वाचलं. मुलगी बारावी कॉमर्सला, लहानपणापासून बडोद्यात दांडिया बाजारला दोरीच्या मल्लखांबावर, आता मोबाईलवर जुन्या हिंदी सिनेमातल्या स्टंट नायिकेच्या, फिअरलेस नादियाच्या क्लिपा बघून म्हणतेय मला हेच करायचंय, आणि मुंबईतला एक ॲक्टिंग क्लास तीन महिन्यांचे दीड लाख मागतोय, तर भरू का सरळ बीकॉमला घालू, असं विचारलंय तुम्ही.

पैसे भरू नका. असे पैसे भरून परत आलेली मुलं माझ्याकडे येतात, हातात फोटोंचा अल्बम आणि एक सर्टिफिकेट, फार वाईट वाटतं. पण बीकॉमचीही घाई नको.

लेकीने बाई चांगली निवडलीय हो. नादिया म्हणजे मेरी इव्हान्स, १९०८ ला ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मली, लहानपणीच मुंबईत आली, वडील पहिल्या महायुद्धात गेले. पेशावरकडे घोड्यावर बसायला शिकली, मग दुकानात सेल्सगर्ल, मग बॅले, मग सर्कस, एवढं सगळं अंगात मुरल्यावर वाडिया मूव्हीटोन या सिनेमा कंपनीत गेली आणि १९३५ ला तिचा हंटरवाली सिनेमा आला तेव्हा २७ वर्षांची होती. मिस फ्रंटियर मेलमध्ये ती ट्रेनच्या टपावर माणसाला उचलते, तो सीन लेकीबरोबर बसून बघा, चेहरा सोडा, ती पाय कुठे रोवते ते बघा. मग तुमच्या लेकीचा पाय हातात घ्या. अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरून धरून जे घट्टे पडलेत ना, ते कुठलाच क्लास तीन महिन्यांत देऊ शकत नाही.

पण तिला हेही सांगा की नादियासाठी दिग्दर्शक होमी वाडिया वर्षानुवर्षं सिनेमे काढत राहिले, आज असं कोणी बांधून घेत नाही, बरंचसं काम दिवसाच्या हिशोबाने मिळतं. आणि ही कल्ट वगैरे प्रसिद्धी तिच्यावरच्या १९९३ च्या डॉक्युमेंटरीने पुन्हा वाढली, तेव्हा ती ८५ वर्षांची, शेवटचा सिनेमा होऊन पंचवीस वर्षं झालेली.

स्टंट करताना लागण्याची तुमची भीती खरी आहे, शोलेच्या टांग्याच्या सीनमध्ये हेमा मालिनीच्या जागी स्टंट करायला रेश्मा पठाण होत्या, त्यांना चांगलंच लागलं होतं. म्हणून पुढे स्टंटचं काम आलं तर सेफ्टी कोण बघतंय आणि इन्शुरन्स आहे का, हे आधी विचारायचं, लाजायचं नाही.

आत्ता काय करायचं, तर सुरसागरसमोर आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, तिथे ड्रामॅटिक्सची पदवी करता येते, घरून चालत जाण्यासारखं. पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचा, दोन वर्षांचा ॲक्टिंगचा कोर्स किंवा दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, तीन वर्षांचा, दोन्हीकडे पदवी लागतेच, त्यामुळे ही वर्षं वाया जायची नाहीत. निकालाची वाट न बघता तिला घेऊन जा, विचारून एखादी तालीम बघू द्या, तुम्हीही बसा. आणि परीक्षेच्या नावाखाली मल्लखांब तेवढा बंद करू नका.