दादर ज्वारी घेऊ की क्विनोआ?

प्रश्न : ताई नमस्कार, मी भुसावळची. मुलगी पुण्याला शिकते, सुट्टीत आली की क्विनोआ, ओट्स असं काय काय ऑनलाइन मागवते आणि म्हणते हेच हेल्दी आहे. सासूबाई म्हणतात कळण्याची भाकरी खा, काही होत नाही. ऑरगॅनिक घ्यायला गेलं तर बजेट कोलमडतं. तब्येत पण सांभाळायची आणि जमिनीचं पण वाटोळं नको, तर नेमकं काय घेऊ?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे. क्विनोआचं कौतुक होतं ते त्यात प्रोटीनचे सगळे घटक मिळतात म्हणून, बरोबर? आता कळणं बघा. ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर असतो आणि उडदात जे कमी ते ज्वारी भरून काढते, म्हणजे दोन वाट्या ज्वारीला वाटीभर सालासकट उडीद नि मीठ टाकून दळून आणलं की काम झालं. शिवाय ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण 10 ग्रॅम प्रोटीन नि जवळपास तेवढंच फायबर. क्विनोआ वाईट नाही हो, पण मूळ अँडीज पर्वतातलं धान्य महागात घ्यायचं नि घरची दादर विसरायची, हे मला पटत नाही.

आणि जमिनीचं म्हणाल तर दादरीसारखं पीक नाही. पावसाळा सरता सरता तापीकाठच्या काळ्या जमिनीत पेरतात, मुरलेल्या ओलीवरच बहुतेक निघते, फेब्रुवारी-मार्चला कापणी, वर कडबा गुरांना. मात्र जवळचं आहे म्हणजे जमिनीला हलकंच असेल असं नसतं, हे मी आवर्जून सांगते. आपली केळीच घ्या, जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे, पण केळीला वर्षभर पाणी लागतं आणि रावेर-यावलकडे बोअरचं पाणी किती खोल गेलंय ते तिकडच्यांना विचारा. केळी खा, खुशाल खा, फक्त ठिबकवाल्या शेतकऱ्याकडची मिळाली तर ती घ्या, आणि साली कचऱ्यात न टाकता कुंडीत नाहीतर खड्ड्यात कुजवा.

भाजीचं सोपं आहे, जे मोसमात ढिगाने येतं ते घ्यायचं. पावसाळ्यात पोकळा, गिलके, दोडके, कर्टुले, थंडीत मेथी, तुरीच्या ओल्या शेंगा आणि अर्थातच भरीताची वांगी. बामणोद, आसोद्याकडची हिरवी-पांढरट मोठी वांगी हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं की बी कमी. ते पळकाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलं, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे घालून कळण्याच्या गरम भाकरीबरोबर वाढलं की मुलगी ओट्सचं पॅकेट उघडणार नाही, लिहून देते.

ऑरगॅनिकच्या लेबलसाठी जीव टाकू नका. पॅकेटवर जैविक भारत हा ऑरगॅनिक मालाचा सरकारी लोगो असेल तर चांगलंच, पण थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे लेबल नाही म्हणजे माल विषारी असं समजू नका. आठवडी बाजारात ठरलेल्या एकदोन जणांकडूनच घ्या आणि तोंडावर विचारा, दादा फवारणी कधी केली, तोडणी कधी केली? औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं, सरळ उत्तर देणारा शेतकरी धरून ठेवा.

दादरीचं मात्र उशीर करू नका. पाखरं राखायची, मजुरी द्यायची, भाव मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून लोक दादर पेरायची सोडतायत, गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल तर पेरणारा पेरतो. तेव्हा पेरणीच्या आधीच शेतकऱ्याला वर्षाचं सांगून ठेवा, मार्च-एप्रिलला धान्य आलं की उन्हात कडक वाळवा, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि कळणं एकदम दळून ठेवू नका, पंधरा दिवसांचंच दळा.