कुरिअरचा पिकअप-डिलिव्हरी रूट चांगला चाललाय की नाही, हे कसं मोजायचं? फक्त किलोमीटर बघून चालेल का?

नाही चालणार. समजा, पुण्यात दाट वस्तीच्या सदाशिव पेठेत एका पोराने 8 किलोमीटरमध्ये 50 पार्सलं वाटली आणि लांबलांब पसरलेल्या हिंजवडीत दुसऱ्याने 40 किलोमीटरमध्ये 30. म्हणून दुसरा कामचुकार ठरतो का? तुलना त्याच भागाच्या मागच्या महिन्याशी करा.

मी आधी दोन आकडे बघतो: तासाला किती स्टॉप झाले, आणि पहिल्याच फेरीत किती पार्सलं हातात पडली. दुसरा जास्त बोलका. 50 नेली, 8 ‘घरी कोणी नाही’ म्हणून परत आली, तर यश 84 टक्के. पार्सलमागे खर्च काढताना भागायचं 42 ने, 50 ने नव्हे. त्या 8 साठी उद्या पुन्हा पेट्रोल जळणार आहेच.

पिकअपचा हिशोब वेगळा ठेवा. दुकानदाराने 4 ते 6 म्हटलं, तर त्या वेळेत पोचलो का, एवढंच बघायचं. त्याचं पॅकिंग होईपर्यंत दारात ताटकळलेली 15 मिनिटं रूटच्या नावावर टाकू नका.

ॲपने आखलेलं अंतर आणि प्रत्यक्ष झालेलं अंतर शेजारी शेजारी लिहा. 10 स्टॉपचेसुद्धा 36,28,800 क्रम होतात, त्यामुळे ‘सर्वोत्तम’च्या मागे लागू नका. फरक मोठा दिसला तर पोराला ओरडण्याआधी विचारा. बहुतेक वेळा गल्ली खोदलेली असते, नाहीतर सोसायटीचा वॉचमन दुपारी आत सोडत नाही. हे ॲपला कुठलं कळायला!