प्रेस शॉपमध्ये लीन-कायझेन सुरू करायचंय, पहिलं काम कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की भोसरीत चाळीसेक माणसांचं प्रेस शॉप (प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढणारा कारखाना) आहे, मालकांनी लीन-कायझेन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करत थोडं थोडं सुधारत जाणं, मनावर घेतलंय, कन्सल्टंट म्हणतो आधी फाइव्ह एस (जागेची आवराआवर, साफसफाई आणि ती टिकवायची शिस्त) करा आणि कामगार म्हणतात जमिनीवर पिवळे पट्टे मारून काय होणार. माझं मत विचाराल तर कामगारांचं खरंय. फाइव्ह एस वाईट नाही हो, पण त्याने कामगाराचा नेमका कुठला त्रास कमी होणार हे सांगता येत नसेल तर महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं. मी प्रेस शॉपमध्येच प्रॉडक्शन बघतो आणि मला विचाराल तर पहिला हात डाय चेंजला, म्हणजे प्रेसवरचा साचा बदलण्याच्या कामाला घाला.

कारण सांगतो. सेटिंगला, म्हणजे एक डाय उतरवून दुसरा बसवून जुळवायला, दीड तास जातो म्हणून सुपरवायझर एकदा डाय चढवला की उतरवायलाच तयार नसतो, ऑर्डर दोन हजाराची असली तरी दहा हजार काढून ठेवतो, मग बिन भरून माल पडून राहतो, गंज धरतो, आणि नंतर कळतं की पंच (डायचा पत्रा कापणारा भाग) खराब होता आणि सगळ्या लॉटला बर (कडेला राहिलेली धारदार कोर) आहे, की बसा सॉर्टिंग करत. स्टॉक, रिजेक्शन, डिलिव्हरीची बोंब, यातलं बरंचसं त्या दीड तासातनं येतं.

आता तुम्ही म्हणाल प्रेस जुनी आहे, वेळ लागणारच. १९६९ साली टोयोटात १००० टनाच्या प्रेसचा डाय बदलायला ४ तास लागायचे आणि फोक्सवॅगनकडे तेच काम २ तासात व्हायचं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी ते आधी दीड तासावर आणलं, मग वरून टार्गेट आलं ३ मिनिटांचं, आणि पुढच्या काही महिन्यांत तेही गाठलं. त्यातलं मुख्य तत्त्व अगदी साधं आहे: जे काम प्रेस थांबवल्याशिवाय होतच नाही ते वेगळं काढायचं आणि बाकीचं सगळं प्रेस चालू असतानाच उरकून ठेवायचं.

तुमच्याकडे काय करायचं तर एका प्रेसचं सेटिंग शेवटच्या चांगल्या पार्टपासून पुढच्या पहिल्या ओके पार्टपर्यंत मोबाईलवर शूट करा. सेटरला आधी विचारून करा, आणि तो व्हिडिओ मालकांच्या आधी त्यालाच दाखवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्याला वाटलं की आपल्यावर पाळत ठेवलीय तर पुढे तो तोंड उघडणार नाही. व्हिडिओत बहुतेक काय दिसेल सांगू? डाय रॅकमधून काढायला फोर्कलिफ्टची वाट बघणं, बरोबर लांबीचा टी-बोल्ट शोधत फिरणं, क्लॅम्पखाली पॅकिंगला मिळेल तो तुकडा लावणं, प्रत्येक डायची उंची वेगळी म्हणून शट हाइट (प्रेसची स्लाइड, म्हणजे वर-खाली होणारा भाग, पूर्ण खाली आल्यावर राहणारं अंतर) परत परत ॲडजस्ट करणं, आणि सगळं झाल्यावर पहिला पीस पास करायला क्वालिटीवाला कुठेय म्हणून शोधाशोध. यातलं पाना फिरवण्याचं खरं काम थोडंच असतं.

मग डाय, बोल्ट, क्लॅम्प, पाने एका ट्रॉलीवर आधीच प्रेसशेजारी आणा, क्वालिटीवाल्याला आधीच सांगून ठेवा. एवढ्याला खर्च जवळपास नाही. पुढची पायरी म्हणजे एका प्रेसवर चालणाऱ्या डायना खाली प्लेट लावून उंची सारखी करणं. आणि नवीन पार्ट डेव्हलपमेंटला आला की डाय बनवणाऱ्या टूलरूमला डिझाइनच्या वेळीच ती उंची आणि क्लॅम्पिंगची जागा ठरवून द्या, नाहीतर एकीकडे जुने डाय सुधारायचे आणि दुसरीकडे नवीन डाय परत वेगळ्याच मापाचे यायचे.

खरी गोची पुढे आहे. वेळ वाचला की मालक म्हणणार, मस्त, अजून पीस काढा! तिथे ठाम राहा. दिवसाला दोन सेटिंग दीड-दीड तासाची म्हणजे ३ तास, तेच सेटिंग अर्ध्या तासावर आलं की त्याच ३ तासात सहा वेळा डाय बदलता येतो, म्हणजे छोटे लॉट, कमी स्टॉक, आणि पार्ट चुकला तर दहा हजारात नाही, हजारातच सापडतो. ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नुसता पीसवर असेल तर तो आधी बदला, कारण जास्त वेळा डाय बदलला की त्याचेच पैसे कमी होणार असतील तर तो का म्हणून साथ देईल?

आणि सेटिंगची शर्यत लावू नका. प्रेसवर बोटं जातात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. स्लाइडखाली हात घालायच्या आधी पॉवर बंद आणि सेफ्टी ब्लॉक (स्लाइड खाली येऊ नये म्हणून मधे ठेवायचा ठोकळा) लावलेला, यात एक सेकंदही वाचवायचा नाही. मालक ऐकत नसतील तर कन्सल्टंटला त्यांच्यासमोर हे बोलायला लावा, बाहेरच्या माणसाचं ऐकतात.

प्रेस किती टनाच्या आहेत आणि एकेका प्रेसवर किती डाय चालतात ते कमेंटमध्ये लिहा, मग उंचीच्या प्लेटबद्दल नीट सांगतो.