साडेनऊ कोटींचा मध्य प्रदेश आणि आपले इंदूर

राज्याची वाढती लोकसंख्या आणि उद्योगधंद्यांची स्पर्धा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मी सुदामानगरात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. संध्याकाळी बागेत जमणाऱ्या आमच्या मंडळींचे एकमत आहे की, मध्य प्रदेशाच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ लोकसंख्येत असून दोन अपत्यांचा कडक कायदा झाल्याखेरीज कोणत्याही नियोजनाला अर्थ नाही. आपल्याला हे पटते का?

उत्तर : आपल्या मंडळींचे निदान वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बरेचसे खरे होते. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 6 कोटी 3 लाखांवरून 7 कोटी 26 लाखांवर गेली, म्हणजे 20 टक्क्यांहून अधिक वाढली. परंतु त्याच काळात घरोघरी एक शांत बदल सुरू झाला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये राज्यातील एका स्त्रीमागे सरासरी 3.1 मुले होती. 2019-21 च्या पाहणीत ती संख्या 2.0 वर आली. नमुना नोंदणी पद्धतीचा 2020 चा आकडा 2.6 आहे. दोन्ही आकडे सरकारीच आहेत, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण उतार दोघांतही स्पष्ट दिसतो. आपण शिक्षक होतात, तेव्हा 26 जानेवारी 2001 नंतर तिसरे अपत्य झाल्यास सरकारी नोकरीला मुकावे लागेल, हा नियम आपल्या शिक्षकदालनातही चर्चिला गेला असेल. पंचायतींच्या निवडणुकीसाठी घातलेली तशीच अट मात्र राज्याने 2005 मध्ये मागे घेतली, आणि तरीही जन्मदर घसरतच राहिला. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय आणि शहरातला खर्च यांनी जे केले, ते कायद्याच्या धाकाने झाले असे म्हणता येत नाही.

मग लोकसंख्या वाढते का आहे? तर मागील पिढी मोठी होती म्हणून. शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेल्या मुली आता संसाराला लागत आहेत. त्यांनी प्रत्येकी दोनच मुले होऊ दिली, तरी आयांची संख्याच मोठी असल्याने एकूण बेरीज आणखी काही वर्षे चढत राहणार. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने 2011 च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजाप्रमाणे 2036 मध्ये मध्य प्रदेश साडेनऊ कोटींच्या घरात असेल. 2021 ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 ठरला आहे, त्यामुळे तोवर सर्व खात्यांना सोळा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवरच भागवावे लागणार, ही आमच्या मते कायद्याच्या अभावापेक्षा कितीतरी मोठी अडचण आहे.

शिवाय एकूण आकड्याने नियोजनकर्त्याचे फारसे काम होत नाही. त्याला वय आणि ठिकाण कळावे लागते. पहिलीच्या वर्गातील पट काही तालुक्यांत कमी होईल आणि त्याच वेळी महाविद्यालये, वसतिगृहे व रोजगार यांची मागणी वाढेल. पुढे ज्येष्ठांसाठी दवाखाने लागतील. झाबुआ-आलीराजपूरकडील कुटुंबे हंगामात गुजरातेत मजुरीला जातात, तर इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या 2001-11 मध्ये जवळजवळ 33 टक्क्यांनी वाढली. एकाच राज्यातील या दोन टोकांना एकच कायदा लावून काय साधणार? माणसे किती होणार, हे बऱ्याच अंशी ठरून गेले आहे. ती कुठे राहणार आणि काय करणार, हे अजून ठरायचे आहे.

प्रश्न : आम्ही लोकमान्य नगरात राहतो. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. मास्टर प्लॅन येणार, महानगर होणार, असे वर्तमानपत्रांत वाचतो. आराखडा वेळेवर आला असता, तर सामान्य घरात खरोखर काही फरक पडला असता का?

उत्तर : पडला असता, आणि तो आपल्या घराच्या जोत्याखालीच मोजता आला असता. आपल्याकडेही बहुधा अंगणात हौद असेल, त्यावर लोखंडी झाकण, नळाला जोडलेली मोटर, गच्चीवर काळी टाकी, आणि उन्हाळ्यासाठी बोअरिंग. एक दिवसाआड येणारे पाणी साठवण्यासाठी प्रत्येक घराने स्वखर्चाने एक छोटे पाणीपुरवठा खाते चालवायचे, वीजबिल वेगळे भरायचे, आणि शेजाऱ्याच्या मोटरीने आपला दाब खेचला म्हणून कुरकुरायचे. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण नव्याने स्थायिक होणारे कुटुंब असो की नवा कारखानदार, तो भरल्यावाचून कोणाचीही सुटका नाही.

इंदूरचे पाणी मुळातच महाग आहे. होळकरांच्या काळात 1939 च्या सुमारास गंभीर नदीवर यशवंतसागर बांधले गेले आणि काही दशके त्याने शहर तारले. 1978 मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून, सुमारे 70 किलोमीटरवरून नर्मदा आणली गेली. हे पाणी विंध्याचा घाट चढून पाचशे मीटरहून अधिक उंच उचलावे लागते, म्हणजे आपण भांडे घासताना सोडलेली प्रत्येक बादली आधी विजेवर डोंगर चढून आलेली असते. या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी घेतलेले कर्ज) काढले आणि जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. ही दूरदृष्टी होती, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. शहराच्या स्वच्छतेचे जेवढे कौतुक होते, तेवढे या रोख्यांचे झाले नाही.

आता आराखड्याविषयी. मध्य प्रदेशाचा नगर तथा ग्राम निवेश कायदा 1973 चा आहे. त्याखाली इंदूरची पहिली विकास योजना 1975 मध्ये लागू झाली आणि तिची मुदत 1991 ला संपली. दुसरी योजना लागू व्हायला 2008 साल उजाडले. मधली सतरा वर्षे शहर थांबले नव्हते. शेतकऱ्याने जमीन विकली, मध्यस्थाने चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले, रजिस्ट्री झाली, घरे उभी राहिली, आणि मग रस्ता, ड्रेनेज, जलवाहिनी यांची शोधाशोध सुरू झाली. अवैध कॉलनी म्हणून ज्यांना आपण नावे ठेवतो, त्यांतील कित्येक वस्त्या या अशा आराखड्याविना गेलेल्या काळाची अपत्ये आहेत. 2014 मध्ये भोवतालची 29 गावे महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली, तेव्हाही घरे आधी आणि सोयी नंतर, हाच क्रम राहिला. दुसऱ्या योजनेचे लक्ष्यवर्ष 2021 होते. तेही येऊन गेले आणि तिसरी योजना वेळेवर हाती आली नाही.

उशिराची किंमत कशी वाढते, हे नीट पाहावे. मोकळ्या रानात तीस मीटरचा रस्ता आखायला नकाशावर एक रेघ पुरते. तीच रेघ वस्ती झाल्यावर ओढायची, तर मोजणी, नोटिसा, नुकसानभरपाई, न्यायालय आणि पाडकाम, एवढे सारे मागे लागते. शहराने 2013 मध्ये बीआरटीएसचा, म्हणजे फक्त बसगाड्यांसाठी राखलेला, मार्ग सुरू केला आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो काढून टाकण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी 31 मे रोजी सुपर कॉरिडॉर या शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर सुमारे सहा किलोमीटरची मेट्रो धावू लागली, जिच्या आजूबाजूला वस्तीच अजून विरळ आहे. दाटीच्या भागात बस उखडायची आणि मोकळ्या भागात आधी रेल्वे न्यायची, यातला दुसरा निर्णय कदाचित वीस वर्षांनी शहाणपणाचा ठरेल. पण दोन्ही निर्णय एकाच आराखड्यातून निघाले, असे म्हणवत नाही.

इंदूरला नियोजनाची परंपरा नव्हती, असेही नाही. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांना बोलावले आणि त्यांनी 1918 मध्ये इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल सादर केला. गेडेस मोहल्ल्यांतून पायी हिंडत असत. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती सपाट करण्याऐवजी अगदी मोडकळीस आलेले तेवढे काढा, मोकळी जागा बागेला द्या आणि नदी सांभाळा, असे त्यांचे म्हणणे होते. खान आणि सरस्वती या नद्यांवर त्यानंतर किती पैसा ओतावा लागला, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

2025 मध्ये विधानसभेने महानगर क्षेत्र नियोजनाचा कायदा संमत केला आहे आणि इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचा एकत्र विचार होणार आहे. पीथमपूरची औद्योगिक वसाहत धार जिल्ह्यात, तिचे कामगार इंदुरात, आणि दोघांच्या पाण्याचा हिशेब वेगळा, ही विसंगती त्याने संपावी. आमची शंका वेगळीच आहे. आपल्याकडे उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थाची कामे होतात, कारण ग्रहांची तारीख पुढे ढकलता येत नाही. आराखड्याला तशी तारीख कोणी घालून देत नाही.

प्रश्न : मी देवासला लहानसा कारखाना चालवतो. गुंतवणूकदारांच्या परिषदांत लाखो कोटींचे आकडे जाहीर होतात. आपले राज्य गुजरात-महाराष्ट्राशी खरोखर स्पर्धा करू शकेल का?

उत्तर : जानेवारी 2023 मध्ये इंदूरच्या परिषदेत 15.42 लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव आल्याचे सांगितले गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये भोपाळला तो आकडा 30.77 लाख कोटींवर गेला. प्रस्ताव म्हणजे बोलणी. लग्नाची बैठक झाली म्हणून वरात निघाली, असे कोणी समजत नाही.

राज्याच्या उत्पन्नात शेती आणि तत्सम व्यवसायांचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक आहे, उद्योगाचा 20 टक्क्यांच्याही आत. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, आणि 2000 साली छत्तीसगड वेगळे झाल्यावर खनिजांचा मोठा भागही गेला. म्हणून आपली स्पर्धा मालवाहतुकीच्या खर्चावर ठरते. या दृष्टीने आम्हाला परिषदेपेक्षा 2 सप्टेंबर 2024 चा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. 309 किलोमीटरचा इंदूर-मनमाड रेल्वेमार्ग 18,036 कोटी रुपये खर्चून 2028-29 पर्यंत पूर्ण करायचा आहे. आज मुंबईला जाणारी अवंतिका एक्स्प्रेस रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घेते. मालगाडीलाही सरळ वाट नाही. पीथमपूरचे वाहन किंवा आपल्या देवासचा माल बंदरावर थेट उतरू लागला, तर जमिनीवरील सवलतीपेक्षा त्याचा फायदा टिकाऊ असेल. ही मुदत पाळली जाते की नाही, याकडे मात्र आपण उद्योजकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

एक गोष्ट परिषदांच्या मंडपात कोणी काढत नाही. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली आणि सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये मार्गी लागले ते डिसेंबर 2023 मध्ये. कारखाना आणण्याचे धोरण आपल्याकडे होते. तो बंद पडल्यावर जमीन, यंत्रे आणि माणसे यांचे काय करायचे, याचे नव्हते. ज्या राज्यात धंदा बुडाल्यावर सुटायला बत्तीस वर्षे लागतात, तेथे शिरताना शहाणा भांडवलदार दोनदा विचार करील.

प्रश्न : माझा मुलगा इंदुरातच अभियांत्रिकी शिकला आणि आठ वर्षे पुण्यात आहे. रामबागेतले आमचे घर मोठे आहे. त्याच्यासारखी मुले परत यावीत म्हणून राज्याने काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न घरचा वाटला, तरी राज्याच्या स्पर्धेचे खरे माप तोच आहे. आयआयएम 1996 पासून आणि आयआयटी 2009 पासून इंदुरात आहे, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस व इन्फोसिस आल्या, आणि 2025 मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सेवाकेंद्रांसाठी वेगळे धोरणही झाले. तरी मुले पुण्याला जातात. त्यांना इंदुरात पहिली नोकरी मिळते. दुसरी आणि तिसरी मिळेल, याची खात्री नसते. पुण्यात एक कंपनी सोडली, तर घर न हलवता दुसरी सापडते, आणि पती-पत्नी दोघांचेही काम त्याच शहरात बसते. म्हणून एका बड्या कंपनीला शंभर एकर देण्यापेक्षा पन्नास मध्यम कंपन्यांना भाड्याची तयार जागा, सुरळीत वीज आणि वेळेवर धावणारी बस देणे, हे आमच्या मते अधिक उपयोगाचे ठरेल. चिरंजीवांशी बोलताना पगाराचा विषय बाजूला ठेवावा; इथे नोकरी गेल्यास दुसरी किती महिन्यांत मिळेल आणि सूनबाईंचे काम इथून चालेल का, एवढेच विचारून पाहावे. त्यांचे उत्तर आम्हालाही कळवलेत, तर पुढील अंकात अवश्य छापू.