कॅलहन ऑक्टोबर ७८ मध्ये जिंकले तरी तो हिवाळा यायचाच

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. तुमच्या 'असं झालं असतं तर' कथेत तुम्ही लिहिलंय की ब्रिटनचे लेबर पक्षाचे पंतप्रधान कॅलहन यांनी निवडणूक (खरी ढकलली तशी) पुढे न ढकलता ऑक्टोबर १९७८ मध्येच घेतली, लेबर जिंकलं, विरोधी पक्षनेत्या थॅचरबाई बाजूला झाल्या, आणि आता पुढची वीस वर्षं लेबरच निवडून येतंय आणि कथा हलायलाच तयार नाही. मी हीच कथा लिहायला घेतली होती, नवव्या प्रकरणात अशीच अडकली. ७ सप्टेंबरचं टीव्हीवरचं भाषण (निवडणूक इतक्यात नाही, हे कॅलहननी त्यातच सांगितलं), सरकार टिकवायला लिबरल पक्षाशी केलेला करार वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक सांगतो. मी निवडणूक जिंकवली आणि त्या नादात १९७८-७९ चा तो सगळा संपांचा हिवाळाच पुसून टाकला, म्हणजे संप नाहीत, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग नाहीत, लिव्हरपूलला प्रेतं पुरायची खोळंबली नाहीत, काहीच नाही. पण निवडणूक लांबली म्हणून ते संप झाले नव्हते हो! मूळ होतं सरकारने घातलेल्या ५ टक्के पगारवाढीच्या मर्यादेत, आणि ती जुलैमध्येच जाहीर झालेली. फोर्डचे कामगार सप्टेंबरच्या शेवटी संपावर गेले, म्हणजे तुमच्या प्रचाराच्या अगदी ऐन भरात, आणि नोव्हेंबरात १७ टक्के पदरात पाडूनच कामावर परतले. एकाला १७ मिळाल्यावर ट्रकवाले ५ वर गप्प बसतील का? जिंकून आलेल्या कॅलहनपुढे जानेवारीत हेच लोक उभे राहणार, फरक एवढाच की हातात नवीन पाच वर्षं आहेत. मग ते मर्यादा सोडतील की हट्ट धरतील, अर्थमंत्री हीली काय म्हणतील, लेबरच्या डाव्या गटाचे बेन काय करतील, हे लिहा, कथा तिथे आहे. मी ते उडवलं म्हणून माझं लेबर निर्जीव झालं.

दुसरं दुखणं आकड्यांचं. मला ऑक्टोबर १९७४ चे सगळ्या ६३५ मतदारसंघांचे निकाल हवे होते. एका ग्रंथालयाकडे (नाव घेत नाही) अर्ज केला, फी भरली, तीन हेलपाटे घातले, चार महिन्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा आला. पानांच्या वरची ओळ कापली गेलेली, त्यामुळे तारीख दिसत नव्हती. मी रात्री जागून सगळं एक्सेलमध्ये भरलं. नंतर कुणाचे किती खासदार ते मोजायला बसलो तर स्कॉटिश नॅशनल पार्टीचे ७ च येतात, असायला हवेत ११. लेबर ३०१, पाहिजे ३१९. गठ्ठा फेब्रुवारीच्या निवडणुकीचा होता, त्या वर्षी दोन झाल्या ना! फोन केला तर उत्तर, "तुम्ही १९७४ मागितलं, आम्ही १९७४ दिलं." अर्जात महिना स्पष्ट लिहिला होता, त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे. आजही आठवलं की डोकं तापतं. तेव्हा आकडे कुठूनही घ्या, आधी एकूण बेरीज जुळवा आणि मगच टाइप करा.

आणि मतांच्या टक्क्यांवरून थेट जागा काढू नका प्लीज. १९५१ मध्ये लेबरला टोरींपेक्षा (म्हणजे थॅचरबाईंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षापेक्षा) जास्त मतं होती, तरी जागा २९५ आणि समोर ३२१. फेब्रुवारी ७४ ला बरोबर उलटं, मतं टोरींना जास्त, जागा लेबरला.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, आणि मला लेबरबद्दल जिव्हाळा आहे हेही आधीच सांगतो, तरी माझं स्पष्ट मत असं की आवडत्या पक्षाला एकदा तरी सणसणीत हरवा. जो पक्ष हरतच नाही त्याच्यात भांडणंही खरी वाटत नाहीत.

जाता जाता, ग्रनविकचा संप कथेत घेता आला तर बघा. उत्तर लंडनमधला फोटो धुण्याचा कारखाना, जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या आपल्याकडच्या बायका ऑगस्ट १९७६ पासून जवळजवळ दोन वर्षं लढल्या, तेही लेबरचं सरकार असताना, आणि हरल्या. त्यातली एखादी बाई ऑक्टोबर ७८ ला मतदानाला निघाली तर शिक्का कुणावर मारेल, या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण होईल.

एक्सेल शीट हवी असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. ऑक्टोबरचीच आहे, ६३५ च्या ६३५ ओळी परत तपासल्यात.