ऋताकडे हिशेबाची वही घेऊन जाऊ नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी तक्रार पोचली. सूर्य, ऋतू, नद्या ज्या ऋतानुसार, म्हणजे विश्वाच्या सुव्यवस्थेनुसार, चालतात त्याच ऋताने माणसानेही चालावं असं वेद म्हणतात, तर मग लबाडांचं इतकं छान कसं चालतं?

प्रश्न रास्त आहे, पण तू चुकीचं दार ठोठावलंस. 'करावं तसं भरावं' हा रोखठोक हिशेब ऋग्वेदाने मांडलेला नाही. कर्माचा विचार स्पष्ट होतो उपनिषदांत, आणि तिथेही आधी दबक्या आवाजात. मेल्यावर माणूस कुठे असतो असं आर्तभागाने विचारलं, तेव्हा बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य ऋषी त्याचा हात धरायला मागतो, हे चारचौघांत बोलायचं नाही म्हणतो आणि त्याला बाजूला नेतो.

ऋतासाठी ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं ८६वं सूक्त वाच. ऋताचा रक्षक वरुण रागावलाय आणि आपलं काय चुकलं हेच सूक्तकर्त्या वसिष्ठ ऋषीला ठाऊक नाही. तो जाणत्यांना विचारत फिरतो. सगळे एकच सांगतात, वरुण तुझ्यावर रागावलाय. मग सबबी सुरू होतात: मी मुद्दाम केलं नाही, दारू, राग, फासे, अविचार यांनी घात केला. धाकट्याच्या चुकीमागे थोरला असतो. झोपेतसुद्धा अनृत (ऋताविरुद्धचं, खोटं) सुटत नाही. (सबबींच्या बाबतीत आपण फारशी प्रगती केलेली नाही.) या सबबींच्या आधीच्याच ऋचेत तो विनवतो की वाडवडिलांचे आणि आमचे अपराध सैल कर, दाव्याचं वासरू सोडावं तसं मला सोड.

शिक्षा नाही असं नव्हे. वरुणाचे पाश आहेत, डोळे न मिटणारे देवांचे हेर आहेत. पण आठ ऋचांत वसिष्ठ शेजाऱ्याचं काय झालं हे एकदाही विचारत नाही. तू मात्र तेवढंच विचारतोयस!

आणखी एक. ऋत म्हणजे भौतिकशास्त्राचे नियमच, असं सांगणाऱ्या व्याख्यानांना टाळ्या वाजवू नकोस. गुरुत्वाकर्षण कुणाला मोडता येत नाही. ऋताविरुद्ध मात्र माणूस जाऊ शकतो, आणि वसिष्ठाचा सगळा जीव त्यामुळेच टांगणीला लागलाय.

सायणाचार्यांचं ऋग्वेदावरचं भाष्य दुसऱ्या वाचनाला उघड. दहाव्या मंडलातलं 'ऋतं च सत्यं च' संध्या करणाऱ्यांना पाठच असतं. ते तीनच ऋचांचं आहे, पण आधी ८६वं सूक्त वाचून कळव, मग ते घेऊ.